आधी पाखरू, मग छायाचित्र

सुंदर वस्तू दिसली की ती आपल्याजवळ असावी, असे मनुष्याला वाटते. ही ओढ फार जुनी आहे. फूल पाहताच हात देठाकडे जातो. शिंपला पाहताच तो खिशात येतो. पाखरू दिसले की पूर्वी मुलांच्या हाती गलोल येत असे. आज त्याच हाती मोबाइल येतो. गलोलीपेक्षा मोबाइल बरा, याबद्दल दुमत होणार नाही. गलोल पाखराचा प्राण घेते, मोबाइल केवळ त्याची प्रतिमा घेतो. परंतु प्रतिमा घेताना पाखराचे काहीच जात नाही, असा जो समज सर्वत्र रूढ झाला आहे, तो तपासून पाहण्यासारखा आहे. छायाचित्र काढणारा कोठे उभा राहतो, किती वेळ उभा राहतो आणि त्या वेळी पाखरू काय करीत असते, यांवर त्या छायाचित्राची खरी किंमत ठरते. आणि ती किंमत पुष्कळदा पाखरालाच मोजावी लागते.

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. एकीकडे माथेरानचा डोंगर आणि इर्शाळगड, दुसरीकडे राजमाची, बोरघाट आणि भीमाशंकराची उंच भिंत. मधल्या सखल भागातून उल्हास आणि पाताळगंगा या नद्या वाहतात. पावसाळ्यात येथे भाताची खाचरे डोलतात, हिवाळ्यात त्याच जमिनीत वाल पिकतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी डोंगरउतारांवर पळस, पांगारा आणि काटेसावर लाल होऊन उठतात. मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे जवळ असल्यामुळे अलीकडच्या काळात या भागात शहरवासीयांचे बंगले आणि शेतघरे पुष्कळ झाली आहेत. बंगल्याभोवतीची आखीव बाग असो, शेतकऱ्याचे परस असो, की ठाकर-कातकरी वाडीतल्या कुडाशेजारची केळ असो, या सर्व ठिकाणी एक चिमुकला पाहुणा न बोलावता येतो. तो म्हणजे शिंजीर. सूर्यपक्षी असेही त्याला म्हणतात.

शिंजीर जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याची चोच बारीक, लांब आणि खाली वाकलेली असते. जास्वंद, केळफूल, शेवग्याचा फुलोरा यांवर तो क्षणभर टेकतो, चोच आत घालतो, मध चाखतो आणि लगेच पुढच्या फुलाकडे वळतो. त्याला पाहून शहरातील पुष्कळ लोक ‘हमिंगबर्ड आला!’ असे म्हणतात. परंतु हमिंगबर्ड हा पक्षी केवळ अमेरिका खंडांत आढळतो. त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील क्यूबा बेटावरची एक जात तर अवघ्या दोन ग्रॅम वजनाची, जगातील सर्वांत लहान पक्षी म्हणून प्रसिद्ध आहे. हमिंगबर्ड हवेत एकाच जागी स्थिर राहून मध पितो. मागे उडण्याची कलाही त्याला साधलेली आहे. आपला शिंजीर क्वचित तसा तरंगतो, परंतु बहुधा तो फांदीचा किंवा फुलाच्या देठाचा आधार घेऊन बसतो. दोघांचे कूळ निराळे, देश निराळे. फुलातील मध हे अन्न मात्र सारखे, म्हणून चोच आणि देहाची ठेवण यांत दोघांमध्ये साम्य आले. परक्या पाखराचे नाव घेऊन आपल्या पाखराचे कौतुक करण्यापेक्षा त्याला त्याच्या नावाने ओळखणे, ही त्याच्याविषयीच्या आदराची पहिली पायरी होय.

या भागात शिंजिराच्या निरनिराळ्या जाती दिसतात. जांभळा शिंजीर विणीच्या दिवसांत निळसर जांभळ्या तेजाने झळकतो. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचे पोट पिवळे आणि डोक्यावर हिरवी झळाळी असते. आणि डोंगराकडच्या झाडीत लालभडक छातीचा एक शिंजीर आढळतो, जो आपल्या पश्चिम घाटाखेरीज जगात अन्यत्र कोठेही नाही. कर्नल साइक्स या निसर्ग-अभ्यासकाने १८३२ साली त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. ज्याच्या घराच्या कुंपणावर असा पक्षी उतरतो, त्याच्यावर त्या पाखराची काही जबाबदारीही येते, हे सांगावयास नकोच.

शिंजिराचे रंग टिपणे हे छायाचित्रकाराला नेहमीच मोहात पाडते. हे रंग साध्या रंगद्रव्याचे नाहीत. पिसांच्या तंतूंमध्ये अतिसूक्ष्म कणांचे थर असतात आणि त्यांवरून प्रकाश परावर्तित होताना तो झळाळ उत्पन्न होतो. म्हणूनच प्रकाशाची दिशा बदलली की रंगही बदलतो. ऊन पक्ष्याच्या पाठीमागे असेल, तर तोच पक्षी काळा ठिक्कर दिसतो. ऊन पाहणाऱ्याच्या पाठीशी असेल, तर तो रत्नासारखा चमकतो. येथपर्यंत सारे ठीक आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात, फुललेल्या झाडापासून योग्य अंतरावर, सूर्याकडे पाठ करून शांतपणे उभे राहणाऱ्यास शिंजीर आपले सर्व वैभव दाखवितो. परंतु शांतपणे उभे राहणे सर्वांना साधत नाही. काहींना चित्र हवे असते ते आजच आणि आत्ताच. मग फांदी हलविली जाते, पाखराचा मुद्रित आवाज वाजवून त्याला भुलविले जाते, आणि शेवटी दृष्टी वळते ती पाखरू जेथून पळून जाऊ शकत नाही अशा एकाच जागेकडे. ती जागा म्हणजे घरटे.

घरट्यावर छायाचित्र काढणे अयोग्य का, हे समजण्यासाठी शिंजिराचे घरटे कसे असते ते पाहिले पाहिजे. ते फांदीच्या टोकाला लोंबणाऱ्या थैलीसारखे असते. मादी एकटीच ते बांधते. गवताच्या काड्या, वाळकी पाने, सालीचे तुकडे अशी सामग्री ती कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी एकत्र गुंफते. बाहेरून पाहणाऱ्यास तो अडकून राहिलेला कचरा वाटावा, हीच त्या घरट्याची खरी संरक्षक भिंत. बाजूला एक लहानसे दार आणि त्यावर छोटीशी पडवी असते. आत बहुधा दोन अंडी. ती उबविण्याचे कामही मादीच करते. पिल्ले बाहेर आली की नर त्यांना भरविण्यास मदत करतो. पिल्लांना मध पुरत नाही. त्यांना किडे आणि कोळी भरवावे लागतात आणि त्यासाठी दिवसभर असंख्य फेऱ्या घालाव्या लागतात.

अशा घरट्यासमोर चार माणसे अर्धा तास उभी राहिली, तर काय होते? मादी जवळच्या फांदीवर येते, चोचीत किडा असतो, परंतु ती आत जात नाही. ती इकडून तिकडे उडते, चिवचिवाट करते. पाहणाऱ्यांना तो खेळ वाटतो. प्रत्यक्षात ती एका कठीण पेचात सापडलेली असते. आत जावे तर घरट्याची जागा उघड होते. न जावे तर अंडी थंड होतात किंवा उन्हाने तापतात आणि पिल्ले उपाशी राहतात. त्यातच ‘चित्र स्वच्छ यावे’ म्हणून कोणी घरट्यापुढची दोन पाने तोडतो. ती दोन पाने म्हणजे त्या घराचे छप्पर आणि पडदा. पडदा दूर होताच दुपारचे ऊन थेट आत येते, आणि कावळा किंवा टकाचोर यांच्या तीक्ष्ण नजरेला जे आजवर दिसले नव्हते ते दिसू लागते. छायाचित्रकार संध्याकाळी घरी परततो. त्याच्याजवळ एक सुरेख चित्र असते. दुसऱ्या दिवशी त्या फांदीवर काय उरले, हे त्याला कधीच कळत नाही. आणि ते कळत नसल्यामुळेच आपण कोणाचे काही बिघडविले नाही, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत राहते.

या बाबतीत कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणे आणि त्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे यांचाही अंतर्भाव आहे. बंदूक न उचलताही मनुष्य शिकारी ठरू शकतो, ही जाणीव त्या व्याख्येमागे आहे. तरीही केवळ कायद्याच्या धाकाने हा प्रश्न सुटणार नाही. परसातल्या केळीखाली कोणी पहारेकरी ठेवता येत नाही. तेथे पहारा आपल्या विवेकाचाच असावा लागतो.

कोणी म्हणेल, ‘हा कॅमेऱ्यावर अन्याय आहे. याच कॅमेऱ्याने पक्ष्यांना वाचविले नाही काय?’ या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पक्ष्याचा अभ्यास करावयाचा म्हणजे प्रथम तो मारावयाचा, अशीच रीत होती. ॲलन ह्यूम यांनी १८८५ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला आपला जो संग्रह दिला, त्यात पक्षी आणि अंडी मिळून ऐंशी हजारांच्या आसपास नमुने होते. थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांची पक्ष्यांशी ओळखही अशीच झाली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ती कोणती, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. १८८३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे सचिव मिलर्ड यांनी त्या मुलाला तिचे नाव सांगितले, संग्रहातील पक्षी दाखविले, आणि एका शिकारी मुलाचा अभ्यासक होण्यास प्रारंभ झाला. आज कोणत्याही मुलाला पक्ष्याचे नाव जाणण्यासाठी तो मारावा लागत नाही. एका छायाचित्रावरून, घरबसल्या, जाणकारांकडून ते कळू शकते. हा कॅमेऱ्याचा मोठाच उपकार आहे. परंतु ज्या साधनाने बंदूक दूर केली, त्याच साधनाने घरटी मोडू लागली, तर तो उपकार आपणच पुसून टाकल्यासारखे होईल.

दुसरा आक्षेप असा की, ‘मी एकट्याने एक चित्र घेतल्याने काय होणार?’ प्रत्येक जण एकटाच असतो, हीच यातली अडचण आहे. एक चित्र दहा मित्रांना दिसते. त्यांतील चौघे पुढच्या रविवारी त्याच फांदीखाली येतात. पूर्वी घरट्याची वार्ता गावाच्या वेशीबाहेर जात नसे. आज ती सकाळच्या चहाच्या आत मुंबईला पोहोचते. म्हणून घरटे दिसले तरी त्याची जागा न सांगणे, हा आजच्या काळात एक सद्गुण मानला पाहिजे. निसर्ग-छायाचित्रांच्या अनेक स्पर्धांत घरट्यावर काढलेली चित्रे स्वीकारली जात नाहीत, हे योग्यच आहे. बक्षिसाचा मोह काढून घेतला की अर्धा अपाय आपोआप टळतो.

तर मग चित्र काढावे कसे? माझे मत असे की, ज्याला पाखराचे चित्र हवे आहे, त्याने पाखराच्या मागे धावू नये. पाखरू आपण होऊन येईल अशी जागा तयार करावी. शिंजिराला बोलाविण्यासाठी दूरदेशीची झाडे लागत नाहीत. परसात जास्वंद आणि केळ असावी, कुंपणाला अडुळसा असावा, जागा मोठी असेल तर पांगारा किंवा पळस लावावा. डोंगरउतारावरची धायटी आणि मुरुडशेंग तोडून त्या जागी हिरवळ अंथरण्याचा मोह टाळावा. कारण त्यांची लाल फुले ही शिंजिरांची जुनी खाणावळ आहे. आंब्यावरच्या बांडगुळाचीही गंमत पाहण्यासारखी आहे. त्याच्या फुलांचे परागण शिंजीर करतो आणि त्याची फळे खाऊन फुलटोच्या नावाचा दुसरा चिमुकला पक्षी त्याच्या बिया पसरवितो. बागायतदाराला बांडगूळ नकोसे वाटते आणि त्याची तक्रार खोटीही नाही. पण जंगलाच्या कडेला एखाद्या जुन्या झाडावर ते राहिले, तर त्याने आपले फारसे बिघडत नाही आणि पाखरांची मात्र सोय होते.

बागेचा अति टापटिपीचा हव्यासही थोडा आवरला पाहिजे. बंगल्याच्या बागेत दर आठवड्याला कीटकनाशक फवारले जाते, कोपऱ्यातले प्रत्येक जाळे झाडले जाते, वाळके पान दिसताच उचलले जाते. मग मालक आश्चर्य करतो की, फुले इतकी असूनही पाखरे येथे राहत का नाहीत! ती येतात, मध पितात आणि निघून जातात. कारण घर शिवण्यास जाळ्याचा धागा नाही आणि पिल्लांना भरविण्यास किडा नाही. फुले म्हणजे केवळ पाहुणचार झाला. संसारासाठी कोळीही लागतो. परदेशात हमिंगबर्डसाठी साखरपाण्याच्या बाटल्या टांगतात, त्यांचे अनुकरण येथेही होऊ लागले आहे. आमच्या उष्ण हवेत ते पाणी लवकर आंबते आणि बाटली नित्य स्वच्छ न केल्यास रोगाचे घर होते. शिवाय बाटलीपाशी आलेल्या पाखराचे चित्र म्हणजे शेवटी बाटलीचेच चित्र. त्यापेक्षा जास्वंदीची एक फांदी रोवणे स्वस्तही आहे आणि शहाणपणाचेही.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. विणीच्या दिवसांत शिंजिराचा नर आपल्या जागेत दुसरा नर खपवून घेत नाही. खिडकीच्या काचेत किंवा मोटारीच्या आरशात त्याला स्वतःचे प्रतिबिंब दिसले की तो त्याला शत्रू समजून त्यावर पुनःपुन्हा चोच मारीत राहतो. पाहणाऱ्यांची करमणूक होते, चित्रफिती काढल्या जातात. त्या इवल्याशा जिवाची शक्ती मात्र नसलेल्या शत्रूशी लढण्यात वाया जाते. अशा वेळी चित्र काढण्यापूर्वी आरशावर एक फडके टाकणे, हे खऱ्या पक्षिप्रेमाचे लक्षण होय. फडके टाकणाऱ्याचे नाव कोठे छापून येणार नाही, पण पाखराच्या हिशेबात तोच मोठा.

ज्यांच्याजवळ महागडा कॅमेरा नाही, त्या विद्यार्थ्यांनी खंत करण्याचे कारण नाही. घराची खिडकी हा उत्तम आडोसा असतो. फुललेल्या जास्वंदीकडे पाहत तेथे रोज दहा मिनिटे बसावे. दिसेल ते वहीत टिपावे: तारीख, वेळ, फूल कोणते, नर की मादी. साधा मोबाइल असेल तर लांबूनच, फ्लॅश न वापरता, एखादे चित्र घ्यावे. ते अंधुक आले तरी चालेल. असे वर्षभर केले तर जे दिसेल, ते एका दिवसाच्या धावपळीत कोणालाही दिसणार नाही. विणीचा हंगाम सरल्यावर जांभळ्या शिंजिराचा नर आपला राजवेष उतरवून ठेवतो. तो मादीसारखा फिकट पिवळसर होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टा तेवढा उरतो. पुष्कळांना तो निराळाच पक्षी वाटतो. पुढे पुन्हा एकेक चमकदार पीस उगवते आणि राजा सिंहासनावर बसतो. हा सारा बदल बारा महिन्यांच्या बारा अंधुक चित्रांत ज्याने जपला, त्याच्याजवळ एका झगमगीत चित्रापेक्षा कितीतरी मोठे धन असते, कारण ते ज्ञान असते.

सलीम अली यांनी १९३० साली किहीम येथे सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, तो याच प्रकारचा होता. किहीम अलिबागजवळ आहे. म्हणजे ज्या जिल्ह्यात कर्जत आणि खालापूर आहेत, त्याच जिल्ह्यात. त्या वेळी या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते; १९८१ साली ते रायगड झाले. आडोशाला बसून, तासन्‌तास, दिवसामागून दिवस त्यांनी सुगरणींचा संसार न्याहाळला आणि त्यांच्या कुटुंबव्यवस्थेविषयी पूर्वी कोणास नीट न उमगलेल्या गोष्टी जगापुढे ठेवल्या. सुगरण नर एका मादीसाठी घरटे बांधून थांबत नाही, तो आणखी घरटी बांधून आणखी माद्यांना घरात आणतो, हे त्या निरीक्षणातून स्पष्ट झाले. त्या ज्ञानाचे मूळ साधनात कमी आणि धीरात अधिक होते. पाहणाऱ्याने आपले अस्तित्व जितके कमी केले, तितके पाखरांनी आपले जीवन त्याच्यापुढे अधिक उघडे केले.

छायाचित्रण ही निःसंशय एक कला आहे, आणि कलेला संयमाची गरज असते. गवयाने कोठे थांबावे हे त्याला कळावे लागते. चित्रकाराला कोठे रंग लावू नये हे उमजावे लागते. त्याचप्रमाणे कोणते चित्र घेऊ नये, हे ज्याला कळले, तोच खरा छायाचित्रकार. घरट्यावर झेप घेणारी मादी आपल्या अगदी समोर आहे, ऊन मनासारखे आहे, कॅमेरा हातात आहे, आणि तरीही एखादा विद्यार्थी तो खाली ठेवून चार पावले मागे सरतो, तेव्हा त्याच्या संग्रहात एका चित्राची उणीव राहते. पण त्या फांदीवरची दोन पिल्ले पंख पसरून उडतात, आणि पुढल्या वर्षी कर्जतच्या एखाद्या परसातल्या जास्वंदीवर आणखी दोन शिंजीर उतरतात. आपण बाग फुलवावी, ती त्यांच्यासाठी. त्यांचे चित्र मिळाले तर तो त्यांचा प्रसाद समजावा.